कपाटाची किल्ली आणि उन्हाळ्याची सुट्टी

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



एप्रिलअखेरीस परीक्षा संपतात, मे उजाडता उजाडता निकालपत्रके हाती पडतात आणि शाळांना सुट्टी लागते. त्या शेवटच्या आठवड्यात पुष्कळ शाळांतून आणखी एक विधी पार पडतो. वर्षभरात मुलांकडे गेलेली अवांतर वाचनाची पुस्तके परत मागविली जातात, नोंदवहीशी ताडून पाहिली जातात, कपाटात रचली जातात आणि कपाटाला कुलूप लागते. ते उघडते जूनच्या मध्यावर, शाळेची घंटा पुन्हा वाजल्यावर. म्हणजे ज्या दिवशी मूल मोकळे होते, नेमके त्याच दिवशी पुस्तक बंदिस्त होते. गृहपाठ, चाचण्या, सराव यांतून मुलाला मान वर काढायला फुरसत नसते तेव्हा पुस्तके हाताशी असतात; आणि सगळी दुपार मोकळी असते तेव्हा ती नसतात. ऊस शेतात उभा असताना कारखान्याने गाळप बंद ठेवावे आणि फड रिकामे झाल्यावर बॉयलर पेटवावा, तसा हा व्यवहार आहे. कृष्णाकाठच्या माणसाला हा व्यवहार किती वेडगळ आहे हे समजावून सांगण्याची गरज नाही. तरीही पिढ्यान्‌पिढ्या तो चालू आहे, आणि त्याबद्दल कोणी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही.

सुट्टीत मुलांनी वाचावे, हा उपदेश मात्र दर वर्षी होतो. वर्तमानपत्रांतून होतो, निरोपसमारंभातून होतो, घराघरांतून होतो. उपदेश करणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्याचा रोख नेहमी मुलाकडे असतो. मूल वाचत नाही हा मुलाचा दोष, त्याला गोडी नाही, त्याच्या हातात भ्रमणध्वनी आहे, असा एकूण सूर असतो. किल्ली कोणाच्या खिशात आहे, हा प्रश्न त्या उपदेशात येत नाही. तो येथे विचारावयाचा आहे, कारण किल्ली मोठ्या माणसांच्या खिशात आहे आणि कार्यकर्ते ही मोठी माणसे आहेत.

आधी सुट्टीबद्दलच थोडे बोलले पाहिजे. सुट्टी ही सर्वांना सारखीच मिळते असे आपण गृहीत धरतो. सातारा जिल्ह्यातील एका सुट्टीची हकिकत ह्या दृष्टीने फार बोलकी आहे. साल १९०१. आदल्या वर्षी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, भीमराव नावाच्या मुलाचे नाव साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेत दाखल झालेले होते. तीच शाळा पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली गेली. आई वारलेली, वडील खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांनी मुलांना आपल्याकडे बोलावले. नवे सदरे शिवले, टोप्या घेतल्या, रेशीमकाठी धोतरे आणली. भाऊ आणि बहिणीची मुले अशी ही सगळी पोरेच साताऱ्याहून आगगाडीने निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. वडिलांना पाठविलेले पत्र नोकराच्या विसराळूपणामुळे पोचलेच नव्हते, म्हणून न्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुलांनी आपली जात सांगितली. त्याचा चेहरा पालटला. पुढे कोणी गाडीवान त्यांना घेऊन जाईना. अखेर दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बरोबर पायी चालायचे अशा ठरावावर एक बैलगाडी मिळाली. सोबत जेवणाचा डबा होता. पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही म्हणून अन्नही घशाखाली उतरले नाही. दुसऱ्या दिवशी मुले वडिलांपर्यंत पोचली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही आठवण पुढे स्वतःच लिहून ठेवली, आणि ती त्यांच्या हयातीनंतर प्रसिद्ध झाली. नऊ वर्षांच्या मुलाने नवे कपडे घालून आनंदाने सुरू केलेली सुट्टी मसूरच्या फलाटावर काय झाली, हे तीत आहे. ती वाचल्यावर ‘सुट्टीचा आनंद’ हे शब्द उच्चारताना जीभ थोडी अडखळली पाहिजे. सुट्टी पंचांगात सर्वांची एकच असते. ती भोगण्याची सोय मात्र रस्ता, पाणी, जात आणि मिळकत पाहून वाटली जाते.

ह्याच मुलाच्या आयुष्यात वाचनाच्या आनंदाची जागाही स्पष्ट दिसते, म्हणून ही गोष्ट येथे थोडी पुढे नेली पाहिजे. कुटुंब साताऱ्याहून मुंबईला गेले. परळच्या चाळीतल्या एका खोलीत अभ्यासाला जागा नव्हती. शाळा सुटल्यावर मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. कृष्णराव अर्जुन केळुस्कर हे शिक्षक व ग्रंथकार त्याच बागेत येत. रोज पुस्तकात डोके घालून बसणाऱ्या ह्या मुलाची त्यांनी विचारपूस केली, त्याला वाचायला पुस्तके दिली, आणि तो मॅट्रिक झाला तेव्हा झालेल्या सत्कारात स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. त्या पुस्तकाचा पुढील इतिहास सर्वांना ठाऊक आहे. येथे लक्षात घ्यायचे ते केळुस्करांचे वागणे. त्यांनी मुलाची परीक्षा घेतली नाही, काय समजले ते लिहून आण असे सांगितले नाही. वाचणारे मूल त्यांना दिसले आणि त्यांनी आपल्या संग्रहातील पुस्तक त्याच्यापर्यंत पोचविले. कार्यकर्त्याचे काम ह्याहून फारसे वेगळे नाही. फरक एवढाच, की आज बागेत वाचत बसलेले मूल सापडेपर्यंत थांबून चालणार नाही. पुस्तक आधी न्यावे लागेल.

कोठे न्यायचे? माण, खटाव, जत, आटपाडी ह्या पट्ट्यात मे महिना म्हणजे पाण्याची वाट पाहण्याचा महिना. मेंढरांमागे गेलेली कुटुंबे पावसाच्या बेताने परततात. तासगाव-कवठे महांकाळकडे द्राक्षांचा हंगाम सरला की बेदाण्याच्या शेडवर निवडणीचे काम निघते. आई त्या कामावर गेली की घर, पाणी आणि धाकटे भावंड थोरल्या मुलीच्या अंगावर येते. तिची शाळा बंद झालेली असते, सुट्टी लागलेली नसते. पाटण-जावळीकडच्या वाड्यांवरची मुले मुंबईच्या पाहुण्यांची वाट पाहतात, आणि पाहुणे आले की त्यांच्या सरबराईत असतात. सांगली-मिरजेच्या आणि साताऱ्याच्या शहरी वस्तीतील सुस्थितीतल्या मुलांना पोहण्याचा वर्ग, चित्रकलेचा वर्ग, संगणकाचा वर्ग असे तासन्‌तास बांधलेले असतात. त्यांच्याही वाट्याला रिकामी दुपार फारशी येत नाही, ही गोष्ट वेगळी. तेव्हा सुट्टीत ‘वाचनवर्ग’ काढून मुलांना दोन-दोन तास एका जागी बसवू म्हणणारी योजना ज्या मुलीसाठी काढली त्याच मुलीला वगळून पुढे जाते. तिला तीन दिवस घरी ठेवता येईल, पाळणा हलवता हलवता वाचता येईल, मधेच मिटून ठेवता येईल असे पुस्तक हवे. ते घेण्यासाठी तिला तालुक्याच्या गावी जावे लागता कामा नये.

आता आनंदाविषयी. आपल्या चळवळीत आनंद हा शब्द जरा संशयानेच घेतला जातो. वाचन म्हटले की प्रबोधन, अभ्यासमंडळ, शिबीर. राष्ट्र सेवा दलाची स्थापना १९४१ सालच्या जूनमधली. तेव्हापासून मे महिन्यातील शिबिरे आणि त्यांतील बौद्धिके ही एक परंपराच झाली, आणि तिने महाराष्ट्राला चांगली माणसे दिली हे मान्यच केले पाहिजे. परंतु दहा-बारा वर्षांच्या मुलाचे वाचन हे बौद्धिक नव्हे. ते हसण्यासाठी असते, घाबरण्यासाठी असते, पुढे काय झाले ह्या एका प्रश्नासाठी असते. ‘पुढे काय’ ह्या ओढीने ज्याने शंभर पाने ओलांडली, त्याची नजर ओळीवरून सरसर धावू लागते, शब्द अडेनासे होतात. आणि मग एक दिवस त्याला सात-बाराचा उतारा, पतपेढीचे कर्जाचे कागद किंवा कामगार कायद्याचे कलम वाचायचा कंटाळा येत नाही. हा फायदा खरा आहे. पण तो मुलाला सांगून वाचायला लावले तर ना वाचन होते, ना फायदा.

शिक्षणखात्याच्या आणि स्वयंसेवी संस्थांच्या उपक्रमांत येथेच पाणी मुरते. पुस्तक दिले की त्याबरोबर तक्ता येतो: पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, आवडलेले पात्र, मिळालेला बोध. वीस ओळींचा सारांश. जास्त पुस्तके वाचणाऱ्यास पारितोषिक. मुलाच्या लगेच ध्यानात येते की शाळा मागच्या दाराने घरात शिरली आहे. मग ते पातळ पुस्तके शोधते, मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून काढते आणि बक्षीस पटकावते. ह्यात मुलाची लबाडी नाही. बाजाराच्या नियमांना धरून त्याने किमान श्रमात कमाल मोबदला मिळविला आहे. अर्थशास्त्राच्या वर्गात त्याला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील.

परदेशातील एका प्रयोगाचा दाखला येथे उपयोगी पडेल. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात गरीब वस्त्यांतील प्राथमिक शाळांतून साडेआठशेच्या आसपास मुलांना सलग तीन उन्हाळे पुस्तके देण्यात आली. पुस्तकांचे जणू प्रदर्शन मांडायचे, त्यांतून मुलाने स्वतः डझनभर पुस्तके निवडायची, आणि शाळेच्या अगदी शेवटच्या दिवशी ती त्याच्या हाती द्यायची. अहवाल नाही, परीक्षा नाही, पुस्तके परत करणेही नाही. तीन वर्षांनी तशाच परिस्थितीतील इतर मुलांशी तुलना केली तेव्हा ह्या मुलांचे वाचन मोजण्याइतके सरस ठरले, आणि अतिगरीब मुलांत हा फरक अधिक दिसला. रिचर्ड ॲलिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याआधी १९७८ साली बार्बरा हाइन्स ह्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अटलांटा शहरातील मुलांचा अभ्यास करून दाखविले होते की, गरीब आणि सुखवस्तू मुलांतील अंतर शाळा चालू असताना जेवढे वाढते त्यापेक्षा उन्हाळ्यात अधिक वाढते. हे अंतर नेमके किती, याबद्दल विद्वानांत पुढे वाद झाले आणि ते संपलेले नाहीत. कार्यकर्त्याला त्या वादाचा निकाल लावण्याची गरज नाही. मुलाने स्वतः निवडलेले पुस्तक सुट्टीच्या दिवसांत त्याच्या घरात असावे, एवढी साधी गोष्ट त्यातून घेतली तरी पुरे.

‘स्वतः निवडलेले’ ह्या दोन शब्दांवर मात्र अडून बसले पाहिजे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिली. मराठी घराघरांत ती पोचली हे भाग्यच. पण प्रत्येक मुलाच्या हाती पहिले पुस्तक म्हणून तीच द्यायची, आणि ते रडले नाही तर त्याच्या संस्कारांबद्दल काळजी करायची, ही समाजवादी घरांतील एक जुनी खोड आहे. एखाद्या मुलाला आधी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हवा असेल. फुरसुंगीचा हा किडकिडीत पोरगा सायकलवरून चोरांच्या मागे लागतो, त्यात कसलाही बोध नाही. म्हणूनच मुले त्याच्यामागे धावतात. कोणाला भुतांच्या गोष्टी हव्या असतील, कोणाला क्रिकेटपटूंची चरित्रे, कोणाला नुसती चित्रे. एखादे पुस्तक दहा पाने वाचून नावडले तर ते टाकून देण्याचा हक्क मुलाला असला पाहिजे. मोठी माणसे हा हक्क रोज बजावतात. कित्येक कार्यकर्त्यांच्या घरी मार्क्सचा ‘भांडवल’ हा ग्रंथ पहिल्या प्रकरणाशी खूण ठेवून वर्षानुवर्षे विसावलेला असतो, आणि त्याबद्दल त्यांच्याकडे कोणी सारांश मागितलेला नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितलेली बरी. पुस्तकांच्या पिशवीत पक्षाची पत्रके घालू नयेत. मूल पुस्तकासाठी हात पुढे करते, तेव्हा त्या हातात आपला जाहीरनामा ठेवणे हे फसवणुकीजवळ जाणारे वर्तन आहे. शिवाय ते फसते.

निवडीला वाव द्यायचा तर आपल्याच मातीत पुस्तके काय कमी आहेत? वि. स. खांडेकर सांगलीत जन्मले. माडगूळकर बंधू माणदेशाचे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ मधली. धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर शाळा चालवायला जातो, एवढीच तिची गोष्ट. आठवी-नववीच्या आटपाडीकडच्या मुलाने ती वाचली तर त्याला पहिल्यांदा जाणवेल की आपली मेंढरे, आपला माळ आणि आपली बोलीही पुस्तकात असू शकते. हा आनंद वेगळ्या जातीचा असतो. पाठ्यपुस्तकातला धडा म्हणून तोच मजकूर वाचला, खाली प्रश्न आले, की तो निम्मा उडून जातो. शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ ह्याच आटपाडीतून उगवलेले. ते मात्र थोड्या मोठ्या वयासाठी.

अण्णा भाऊ साठे यांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वाळवे तालुक्यातील वाटेगाव हे त्यांचे गाव, जन्म १९२० चा. शाळा त्यांच्या वाट्याला दीडच दिवस आली असे सांगतात. पोटासाठी कुटुंब चालत मुंबईला गेले; तेथे दुकानांच्या पाट्या, चित्रपटांच्या जाहिराती ह्यांवरून अक्षरे जुळवीत हा मुलगा वाचायला शिकला. त्याला कोणी वाचनाचे महत्त्व पटवून दिले नव्हते. १९५९ साली त्यांची ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. अण्णा भाऊंचे उदाहरण देऊन ‘बघा, इच्छा असली की मार्ग सापडतो’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. हा युक्तिवाद घातक आहे. एका अण्णा भाऊंच्या मागे अशी किती मुले पाट्यांपर्यंतही पोचली नाहीत, हे ह्या युक्तिवादात झाकले जाते. वाटेगावच्या शाळेत एक उघडे कपाट असते आणि त्या मुलाला तेथे टिकू दिले असते, तर काय झाले असते हे विचारणे अधिक उचित.

आता पुन्हा कपाटाकडे. शिक्षक ते बंद का करतात? शिक्षकाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. वस्तुस्थिती अशी की, ही पुस्तके शाळेच्या जडसंग्रहाच्या नोंदवहीत बाक आणि खुर्च्यांच्या पंक्तीला बसलेली असतात. तपासणी झाली आणि पुस्तक कमी भरले, तर जबाब मुख्याध्यापकाला द्यावा लागतो, आणि पुष्कळदा पैसेही. पुस्तक न वाचले गेल्याबद्दल मात्र कोणीही कोणाला जाब विचारीत नाही. अशा हिशेबपद्धतीत शहाणा माणूस कुलूपच लावील.

हा हिशेब थोडा उलगडून पाहू. समजा, एका शाळेत २०० पुस्तके आहेत आणि त्यांची सरासरी किंमत ६० रुपये. सगळी पुस्तके सुट्टीत घरी दिली आणि त्यांतली दहा टक्के फाटली किंवा हरवली, तर नुकसान २० पुस्तकांचे, म्हणजे १,२०० रुपयांचे. उरलेली १८० पुस्तके सुट्टीत प्रत्येकी चार मुलांच्या हातून फिरली, तर ७२० वाचने झाली. एका वाचनामागे दोन रुपयेदेखील पडले नाहीत. उलट कपाट बंद ठेवले तर १२,००० रुपयांचे भांडवल दीड महिना निष्क्रिय पडून राहिले, आणि वाळवी आपले काम करीत राहिली ती वेगळीच. भाकरी एकाने खाल्ली की संपते; पुस्तक एकाने वाचून संपत नाही. समाजवादाला इतकी सोयीची वस्तू दुसरी नसेल. तिलाच आपण खासगी मालमत्तेपेक्षाही कडक पहाऱ्यात ठेवतो.

सार्वजनिक वाचनालयांची कथा थोडी निराळी आहे. तेथे कुलूप उन्हाळ्यात लागत नाही, पण दारात अनामत रक्कम आणि मासिक वर्गणी उभी असते. नोकरदाराच्या मुलाला ती रक्कम किरकोळ वाटेल. रोजंदारीवरच्या बाईला ती एका दिवसाच्या मजुरीएवढी पडते, आणि आपल्या हातून पुस्तक फाटले तर काय, ही धास्ती त्या रकमेपेक्षा मोठी असते. वाचनालयांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यानुसार वर्गवारी होऊन अनुदान मिळते, पण ते तुटपुंजे असते, आणि त्यातच ग्रंथपालाचा पगार, वीज व पुस्तके भागवायची असतात. कर्नाटकाने १९६५ च्या कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसविला. महाराष्ट्राच्या कायद्यात असा उपकर नाही, त्यामुळे ग्रंथालयांचे नशीब दर वर्षीच्या अंदाजपत्रकावर टांगलेले राहते. आश्चर्य असे की, ह्या देशातला पहिला ग्रंथालय कायदा शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली केला, मद्रासच्याही आधी तीन वर्षे. दक्षिण महाराष्ट्राने ज्याची सुरुवात केली त्याच्या शेवटाकडे दक्षिण महाराष्ट्रच पाहत बसला आहे.

ह्या दोन जिल्ह्यांना पुस्तकांचे वावडे मुळीच नाही. १९४९ पर्यंत तर बराचसा भाग एकाच सातारा जिल्ह्यात होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह उभे केले. पत्री सरकारच्या लढवय्यांनी न्यायदान मंडळांबरोबर गावच्या वाचनालयाचाही विचार केला. औदुंबरला १९३९ पासून संक्रांतीला साहित्य संमेलन भरते. अलीकडच्या काळात, ४ मे २०१७ रोजी, महाबळेश्वरच्या वाटेवरील भिलार हे पुस्तकांचे गाव म्हणून जाहीर झाले. घरे, देवळे, शाळा अशा २५ ठिकाणी सुमारे १५ हजार पुस्तके मांडली गेली. वेल्समधील हे-ऑन-वाय ह्या गावावरून ही कल्पना सुचली. पुढे योजनेचा विस्तार करताना सांगली जिल्ह्यातील अंकलखोपची निवड झाली. भिलारवर टीका करणे सोपे आहे: पुस्तकांपेक्षा स्ट्रॉबेरीचे गिऱ्हाईक जास्त, मोटारीने येणारा वाचक जास्त. पण एखाद्या कुटुंबाने आपल्या ओसरीत पुस्तकांचे कपाट ठेवून घ्यावे आणि कोणीही अनोळखी माणसाने येऊन ते उघडावे, हा विचार मोलाचा आहे. तो सरकारी फलकाशिवायही करता येतो. प्रत्येक वाडीवर एक ओसरी लागेल, एवढेच.

आणि पुस्तकांची किंमत ह्या भागाला कळते ह्याचा पुरावा २०१९ च्या ऑगस्टमध्ये मिळाला. कृष्णेचा महापूर सांगलीत शिरला, नगर वाचनालयात पाणी चढले आणि हजारो पुस्तके भिजून लगदा झाली. चिखलातून ग्रंथ बाहेर काढून पाने सुटी करीत बसलेली माणसे ज्यांनी पाहिली, त्यांना पुस्तकांबद्दलच्या अनास्थेच्या गोष्टी पटणार नाहीत. मदतही लांबलांबून आली. पुरात बुडालेल्या पुस्तकासाठी हळहळणारे हे गाव कपाटात बुडालेल्या पुस्तकासाठीही हळहळू शकेल. ते बुडाले आहे हे त्याला दिसले पाहिजे.

भ्रमणध्वनीबद्दल दोन शब्द. त्याला शिव्या देण्यात काही अर्थ नाही. तो घरात आला आहे आणि राहणार आहे. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे अंक आज त्याच यंत्रावर फुकट वाचता येतात, ही माहितीदेखील पुष्कळ घरांत पोचलेली नाही. मात्र घरात एकच यंत्र असते, ते वडिलांच्या खिशात शेतावर किंवा कामावर जाते, आणि संध्याकाळी भावाच्या हाती पडते. पाळण्याशी बसलेल्या मुलीला कागदाचे पुस्तकच अधिक भरवशाचे.

काम करायचे ते एप्रिलमध्ये, मे महिन्यात नव्हे. निकालाच्या आठवड्याआधी कार्यकर्त्याने आपल्या गावच्या शाळेत जावे आणि मुख्याध्यापकांशी बोलावे. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. तिच्या बैठकीत सुट्टीत पुस्तके घरी देण्याचा ठराव मांडावा, आणि फाटल्या-हरवल्याची भरपाई गाव करील, शिक्षकाकडून ती घेतली जाणार नाही, असे त्यातच लिहून घ्यावे. हजार-बाराशे रुपयांची ही तरतूद आहे. मांडवाच्या खर्चात ती दिसणारही नाही. शेवटच्या दिवशी पुस्तके बाकांवर पसरून ठेवावी आणि मुलांना हात लावू द्यावा. पुस्तके एकमेकांत बदलण्यासाठी वाडीवरची एक ओसरी, एक संध्याकाळ आणि वहीत नावे लिहिणारी आठवी-नववीतली एक मुलगी ठरवावी. वाचनालयाच्या चालकांना भेटून मे आणि जून ह्या दोन महिन्यांसाठी मुलांची अनामत माफ करता येते का ते पाहावे; हमी म्हणून कार्यकर्त्याने स्वतःची सही द्यावी. ज्या शाळेत कपाटच नाही तेथे दुसऱ्या शाळेतून खोकाभर पुस्तके उसनी न्यावी, आणि ह्या बाबतीत विरोधी पक्षाचा सरपंच आडवा आला तर त्यालाच उद्घाटनाला बोलवावे.

जूनमध्ये पुस्तके परत येतील तेव्हा त्यांची पाने दुमडलेली असतील, काहींवर चहाचे डाग, काहींवर धाकट्या भावंडाने ओढलेल्या रेघोट्या. ती मोजून घेताना मुख्याध्यापकांच्या शेजारी कार्यकर्त्याने बसावे, कमी भरलेल्या पुस्तकांचे पैसे तेथेच भरावे आणि नोंदवहीवर आपली सही करावी.